किती सायकली, किती चाके ?

माणसाला किती वस्तू पुरेशा होतात, हा प्रश्न जितका अर्थशास्त्राचा आहे तितकाच धम्माचाही आहे. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत सायकलीवरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या प्रश्नाची चर्चा करण्यासाठी सायकलीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कारण आज आपल्या समाजाच्या एका टोकाला सायकलींचा संग्रह करणारी माणसे आहेत आणि दुसऱ्या टोकाला एका सायकलीअभावी शाळा सोडणारी मुले आहेत. ही दोन्ही टोके एकाच वसतिगृहाच्या पंगतीत जेवलेली असतात, हे आपण विसरता कामा नये.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक, अधिकारी झाले आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांना सायकलस्वारीचा छंद जडला आहे. रविवारी पहाटे उठून घाट चढणे, दोनशे-तीनशे किलोमीटरच्या 'ब्रेव्हे'त भाग घेणे, यात त्यांना आनंद वाटतो. तो निर्मळ आनंद आहे. या मंडळींत एक विनोदी सूत्र प्रचलित आहे. आपल्याजवळ 'एन' सायकली असतील, तर सायकलींची योग्य संख्या 'एन अधिक एक' ! विनोद म्हणून ते ठीक आहे. परंतु तृष्णेची याहून नेमकी व्याख्या गणिताच्या भाषेत क्वचितच कोणी केली असेल. या सूत्राला शेवट नाही. म्हणून त्याचा गंभीरपणे विचार करणे भाग आहे.

पहिल्या सायकलीचा प्रश्न वेगळा

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला संतोषाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. बाबासाहेबांनी दारिद्र्याचा गौरव कधीही केला नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधींविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्राला नकार देणाऱ्या विचारसरणीची कठोर चिकित्सा केली. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. सायकल हे गरिबाला परवडणारे असे पहिले यंत्र आहे.

तिचा इतिहास फार जुना नाही. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस याने पायाने रेटत नेण्याची दुचाकी तयार केली. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी 'रोव्हर' सायकल बनविली. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला. आजची साधी सायकल मूलतः तीच आहे. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली सोनिपत येथे ॲटलस आणि १९५६ साली लुधियाना येथे हीरो यांचे सायकलनिर्मितीचे काम सुरू झाले आणि सायकल कामगार-शेतमजुरांच्या आवाक्यात येऊ लागली. १९५६ हे वर्ष आपल्याला दुसऱ्याच कारणाने स्मरणात आहे. माणसाला ताठ मानेने चालण्याची दीक्षा आणि चालण्याचा वेग वाढविणारे वाहन, ही दोन्ही एकाच पिढीच्या वाट्याला आली.

आणि हे वाहन आपल्याला सुखासुखी मिळालेले नाही. देशाच्या अनेक भागांत दलितांना सवर्णांच्या आळीतून सायकलवर बसून जाण्यास मज्जाव होता. खाली उतरून सायकल हाताने ढकलत न्यावी लागे. पायांत वहाण नको, अंगावर चांगले वस्त्र नको, तसेच बुडाखाली वाहनही नको, हा त्या व्यवस्थेचा दंडक होता. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत वाहनाचे दोन प्रसंग नोंदवून ठेवले आहेत. १९०१ साली लहानपणी मसूर स्थानकावर उतरल्यानंतर त्यांना बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, या अटीवर ती मिळाली. दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. तोपर्यंत ते बॅरिस्टर झाले होते. तरी टांगेवाल्याने त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी टांगा तेवढा मिळविला आणि हाकण्याची सवय नसलेल्या आपल्यातल्याच एकाने तो हाकला. पुलावरच्या दगडांत चाक अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशांतल्या पदव्या मिळविलेल्या माणसालाही एका चाकाने जात दाखविली !

म्हणून आपल्या समाजात पहिली सायकल ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. १९८३ साली कांशीरामजींनी कार्यकर्त्यांना सायकलींवर बसवून कित्येक राज्यांतून विचारांचा प्रसार केला, तो योगायोगाने नव्हे. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय वाढली, असे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना सायकली मिळतात. पहिल्या सायकलीपाशी कोणी गरजेचा हिशेब मागू नये. हिशेब दुसरीपासून सुरू होतो.

विनयातील पात्राचा नियम

हा हिशेब कसा करावा, याची पद्धत बुद्धाने घालून दिली आहे. भिक्खूला आठ परिक्खार पुरेत. त्यांत भिक्षापात्र एक. एखाद्याला जादा पात्र मिळाले तर ते दहा दिवसांपेक्षा अधिक काळ स्वतःजवळ ठेवता येत नाही. नवे पात्र मागायचे असेल तर जुन्याला किमान पाच ठिकाणी दुरुस्ती झालेली असली पाहिजे. हा नियम मोडून मिळविलेले पात्र संघापुढे ठेवावे लागते. मग ज्येष्ठतेनुसार एकेक भिक्खू आपले पात्र बदलून घेतो आणि अखेरीस जे सर्वांत हलके पात्र उरते ते नियम मोडणाऱ्याच्या हाती येते. ते फुटेपर्यंत त्याने वापरायचे. येथे वस्तू बाळगण्याला विरोध नाही. विरोध आहे तो न वापरता साठविण्याला आणि दुरुस्तीचा कंटाळा करून नवी मागण्याला.

बुद्धाच्या परिनिर्वाणानंतरची कौशांबीची कथाही प्रसिद्ध आहे. उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. एवढ्या चीवरांचे काय करणार, असे राजाने त्याला विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू, असे आनंद म्हणाला. जुन्या चीवरांची अंथरुणे होतील, जुन्या अंथरुणांची बिछायत, तिची पायपुसणी, त्यांची फडकी. आणि शेवटी फडक्यांच्या चिंध्या चिखलात मळून जमीन लिंपली जाईल. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. संख्या पाचशे असूनही आनंदावर लोभाचा आरोप टिकला नाही. कारण प्रत्येक वस्त्राला काम होते. यालाच 'मत्तञ्ञुता', म्हणजे मात्रा जाणणे, असे म्हणतात.

अर्थात आपण गृहस्थ आहोत, भिक्खू नव्हे. अनाथपिंडिकाला उपदेश करताना बुद्धाने गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. सन्मार्गाने मिळविलेले धन जवळ असण्याचे सुख, त्याचा उपभोग घेण्याचे सुख, कोणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. पहिली दोन सुखे बुद्धाने नाकारलेली नाहीत, हे कष्टाने वर आलेल्या आपल्या मुलांना ठामपणे सांगितले पाहिजे. मात्र हप्त्यांवर घेतलेली तिसरी सायकल पहिले सुख देताना तिसरे हिरावून घेते, हेही सांगितले पाहिजे.

सायकल वाढवावी की चाके ?

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. राजा मिलिंदाला भन्ते नागसेनांनी विचारले होते की, रथ म्हणजे नेमके काय ? चाक म्हणजे रथ काय ? आस म्हणजे रथ काय ? या भागांच्या जुळणीलाच 'रथ' हे व्यावहारिक नाव आहे, हे राजाला मान्य करावे लागले. सायकलीचेही तसेच आहे. चाके बदलली की त्याच सांगाड्याची निराळी सायकल होते. डांबरी रस्त्यासाठी अरुंद टायरची चाके आणि खडीच्या, मातीच्या वाटेसाठी रुंद टायरची चाके, अशा दोन जोड्या असल्या की एकाच सायकलीवर दोन सायकलींचे काम भागते. टायर बदलायला अर्धा तास लागतो, चाक बदलायला एक मिनिट. आपल्याकडे पावसाळ्याचे कारण वेगळेच आहे. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर चिखलातली वाळू ब्रेकच्या रबराखाली सापडून रिम झिजवते. पावसाळ्यापुरती जुनी चाके लावली तर चांगली चाके वर्षानुवर्षे टिकतात.

त्यासाठी काही अटी आहेत. दोन्ही जोड्यांचा आस आणि हबची रुंदी सांगाड्याशी जुळली पाहिजे, ब्रेकचा प्रकार एकच असला पाहिजे, रुंद टायर फ्रेममध्ये व चिमट्यात मोकळा फिरला पाहिजे. चेन आणि मागच्या दातेरी चकत्या एकमेकींबरोबर झिजतात. एका चाकाच्या चकत्या झिजलेल्या आणि दुसऱ्याच्या कोऱ्या असल्या की चेन दाते सोडू लागते; म्हणून दोन्ही चाके आलटून पालटून वापरावीत आणि चेन वेळीच बदलावी. बारा इंचांची चेन एक-सोळांश इंच ताणली गेली की तिचे आयुष्य संपले असे समजावे. ही स्वस्त चेन वेळेवर बदलणारा माणूस महाग चकत्या वाचवितो.

चाकांच्या बाबतीतही हाव सुटते. उंच रिमची कार्बनची चाके लाखाच्या घरात जातात. वारा कापण्याचा त्यांचा गुण खरा आहे, परंतु तो मोठ्या वेगात विशेष जाणवतो. आडव्या वाऱ्यात तीच चाके सांभाळणे कठीण जाते. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराला चांगला लवचीक टायर आणि योग्य हवा यांपासून अधिक लाभ होतो. अंगुत्तर निकायात पचेतन राजाच्या रथकाराची कथा आहे. त्याने एक चाक सहा महिन्यांना सहा दिवस कमी असताना पूर्ण केले आणि दुसरे उरलेल्या सहा दिवसांत. दिसायला दोन्ही सारखी. पण घाईने केलेले चाक थोडे फिरून भुईवर पडले आणि दुसरे वेग संपल्यावरही उभे राहिले. पहिल्याचा घेर, आरे, तुंबा, सगळ्यांत वाकडेपणा राहिला होता. बुद्धाने हे उदाहरण काया, वाचा, मनाच्या वाकडेपणासाठी दिले. पण सायकल दुरुस्त करणाऱ्याला ते शब्दशः पटेल. चाकाचे मोल किमतीवर ठरत नाही. त्याचा आऊट किती काळजीने काढला आहे, यावर ठरते.

माझे मत असे की, सामान्य हौशी स्वाराला दोन सायकली आणि चाकांच्या तीन जोड्या पुरेशा आहेत. एक सायकल रोजच्या कामाची, मडगार्ड, कॅरिअर, कुलूप असलेली, स्टेशनवर निर्धास्त उभी करता येण्याजोगी. दुसरी लांब पल्ल्याची आणि तिच्यासाठी चाकांच्या दोन जोड्या. जो स्पर्धक आहे त्याची गोष्ट निराळी. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी किंवा २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. अशा वेळी जादा सायकल आणि जादा चाके ही गरजच असते. एक आरा तुटला म्हणून वर्षांची तयारी वाया घालविणे शहाणपणाचे नव्हे. तिसऱ्या सायकलीला काम असेल तर ती जरूर घ्यावी. पण वर्षभरात जिच्यावर कोणी बसले नाही, ती सायकल आपली राहिलेली नाही असे समजावे.

आणखी एक कसोटी सुचवितो. सायकली माणशी मोजू नका, घरात मोजा. सांगाड्याचे माप उंचीप्रमाणे असते. पतीची सायकल पत्नीच्या कामाची नसते. ज्या घरात पुरुषाच्या तीन सायकली आहेत आणि पत्नीची व मुलीची एकही नाही, त्या घराची गरज चौथ्या सायकलीची आहे, पण ती त्या पुरुषासाठी नव्हे. स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी आहोत. हे माप घरच्या ओसरीवरही लावले पाहिजे.

उतरण नको, दुरुस्ती हवी

येथे काही माजी विद्यार्थी म्हणतील, "आमच्या बापजाद्यांना काही मिळाले नाही, आता आम्ही चार वस्तू घेतल्या तर लगेच आम्हालाच काटकसरीचे धडे का? ज्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या साठा आहे त्यांना कोणी विचारीत नाही." हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्या माणसाच्या दारात नवी वस्तू आली की "यांना सगळे फुकट मिळते" असे कुजबुजणारे शेजारी आजही आहेत. त्यांना उत्तर म्हणून माणूस अधिक महाग वस्तू घेतो. परंतु जी वस्तू दुसऱ्याच्या नजरेला उत्तर देण्यासाठी घेतली जाते तिची संख्या तो दुसराच ठरवितो. स्वाभिमानाने जगायचे असेल तर आपली गरज आपणच ठरविली पाहिजे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जादा झालेली सायकल वसतिगृहाला द्यावी, असा विचार अनेकजण बोलून दाखवितात. हेतू चांगला आहे. पण आपल्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्यांची उतरण अंगावर घातली आणि उष्टे शिळे खाल्ले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते सोडण्यास सांगितले. म्हणून ज्या सायकलवर बसायला स्वतःला लाज वाटेल ती वसतिगृहातल्या मुलाला देऊ नये. जुनी वस्तू देण्यात कमीपणा नाही, मोडकी वस्तू देण्यात आहे. ब्रेक लागतात, चाक सरळ फिरते, मुलाच्या उंचीला बसते, अशी करूनच ती द्यावी. उतरण आणि दुरुस्त वस्तू यांत हाच फरक आहे की, दुरुस्तीत देणाऱ्याचे श्रम आणि आदर असतो.

मला त्याहून अधिक उपयोगाची गोष्ट सुचवायची आहे. समारंभात वीस नव्या सायकलींना हार घातले जातात, छायाचित्रे निघतात, आणि दोन वर्षांनी त्यांतल्या निम्म्या इमारतीमागे गवतात पडलेल्या दिसतात, असे चित्र अनेक ठिकाणी आढळते. त्यांतल्या बहुतेकींचे सांगाडे शाबूत असतात. बिघाड चाकात असतो. ट्यूब फाटलेली, तार तुटलेली, रिम वाकलेली. मागे बसणाऱ्याचे आणि दप्तराचे ओझे मागच्या चाकावर येते, म्हणून तेच आधी जाते. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असत, त्याचे कारण हेच. तेव्हा वीस सायकलींच्या ठिकाणी सोळाच घ्याव्यात, सर्व एकाच मापाच्या चाकांच्या. आणि उरलेल्या पैशांत तयार जादा चाके, त्यांत मागची अधिक, तसेच ट्यूब, तारा, पान्हे, हवेचा पंप आणि आऊट काढण्याचा स्टँड घ्यावा. मूल बिघडलेली सायकल घेऊन आले की दहा मिनिटांत चाक बदलून त्याला शाळेत धाडता येईल आणि मोडलेले चाक रविवारी सावकाश दुरुस्त होईल. सोळा चालत्या सायकली वीस उभ्या सायकलींपेक्षा अधिक मुलांना शाळेत पोहोचवितात.

हे काम मुलामुलींनी स्वतः शिकावे. १९१३ सालच्या तूर द फ्रान्स शर्यतीत युजेन क्रिस्तॉफ याच्या सायकलीचा चिमटा पिरेनीज पर्वतात मोडला. त्याने सायकल खांद्यावर घेऊन गाव गाठले आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातांनी तो जोडला. भाता एका मुलाने फुंकला, म्हणून पंचांनी त्याला दंडही केला ! शर्यतीत त्या वर्षी पहिला कोण आला हे थोड्यांनाच आठवते; क्रिस्तॉफचे नाव शतकानंतरही लोक घेतात. हाताने केलेल्या कामाला आपल्या देशात जातीने हलके ठरविले. आपल्या शाळेतल्या मुलीने पदवी मिळविण्याआधी चाकाचा आऊट काढायला शिकावे आणि त्यात तिला काही हलके वाटू नये, हेही जातिनिर्मूलनाचेच काम आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, सायकली घ्या. चांगल्या घ्या. त्यांवर बसून घाट चढा. तुमच्या आजोबांना ज्या रस्त्यावर उतरून चालावे लागले त्या रस्त्यावरून मान वर करून जा. फक्त पुढच्या सायकलीची मागणी नोंदविण्यापूर्वी घरातल्या सायकलींसमोर उभे राहून प्रत्येकीला विचारा की, तुझे काम काय ? जिला उत्तर देता येणार नाही तिची चाके आधी सरळ करा, आणि मग तिला आपल्या वसतिगृहाच्या दारात आणून उभी करा. तेथे तिला काम आहे.

नमो बुद्धाय ! जय भीम !